राजा थांबतो तिथे

उभ्या पेडणे तालुक्यात ज्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला आणि ज्याला रंगमंचावर कुणीच पाहिलं नाही, असा माणूस एकच: माझे भावोजी. देवळाच्या उत्सवात होणाऱ्या नाटकाचे ते कायमचे प्रॉम्प्टर. विंगेत बसून ते इतक्या जिवाच्या आकांताने वाक्यं पुरवत की शेवटच्या रांगेतल्या म्हाताऱ्यांना प्रत्येक संवाद दोनदा ऐकू येई, आणि त्याबद्दल कुणाची तक्रार नसे. राजाचं काम त्यांच्या थोरल्या भावाचं, दादांचं. दादांच्या पाठांतराचा आनंदीआनंदच होता. पण अडले की मिशीला पीळ देत अशा रुबाबात विंगेकडे वळत की लोकांना वाटे, राजा विचारात पडलाय.

मग दादांना अर्धांगाचा झटका आला आणि नाटकही बंद पडलं. बोलायचा प्रयत्न केला तर वाचा परत येईल, असं डॉक्टर सांगत होते. पण बोबडे शब्द चारचौघांत काढायची लाज वाटून दादांनी तोंडच मिटून घेतलं. भावोजींनी सगळे उपाय करून पाहिले. शेवटी, काय डोक्यात आलं देव जाणे, जुन्या कॅसेटवरचा दादांचा आवाज घेऊन ते नाटकाचं कार्टून करायला बसले. तुयेच्या कारखान्यातून सुटले की थेट कॉम्प्युटरपुढे. राणीची चाल जमेना म्हणून ताईला अंगणात फेऱ्या मारायला लावल्या. "पोदेराकडसून पाव घेवक जाताना सुद्धा राणयेसारखी चल म्हणतत," ताई मला फोनवर सांगत होती.

आणि कार्टून तरी कसं! त्यातला पडदा अर्ध्यावर अडकायचा, कारण आमचा अडकायचा. मी सुचवलं, कार्टूनच आहे तर राजाला जरा आकाशात उडवा. भावोजींनी माझ्याकडे कीव केल्यासारखं पाहिलं. "उडान खंय वतलो? वयर स्टेजीचे पत्रे आसत." राजा वाक्य विसरून थांबतो ती जागाही त्यांनी तशीच ठेवली, फक्त कॅसेटवरचा स्वतःचा आवाज पुसून टाकला. तिथे ते विंगेत बसून प्रत्यक्ष वाक्य देणार होते. "माझा काम मशिनीक कित्याक दिवचा?"

उत्सवाच्या दिवशी देवळासमोरच्या रंगमंचावर पांढरा पडदा लागला. पहिल्या रांगेत, खुर्चीत दादा. पडद्यावर त्यांच्याच मिशीचा राजा आला, त्यांच्याच आवाजात गरजला, आणि ठरल्या जागी मिशी पिळत थांबला. विंगेतून शब्द येईना. मी डोकावून पाहिलं, तर भावोजी हातात माइक धरून नुसते रडत होते.

तेवढ्यात समोरून घोगरा, तुटका आवाज आला. दादा विंगेकडे वळले होते.

"बाबू... वाक्य... दी."

भावोजींनी वाक्य दिलं. दादांनी ते उचललं. अर्धंमुर्धं, बोबडं, पण उचललं. पुढचं दिलं, तेही उचललं. पडद्यावरचा राजा केव्हाच लढाईवर निघून गेला होता, पण त्याच्याकडे बघायला कुणालाच सवड नव्हती.

आता रोज संध्याकाळी दोघे भाऊ घराच्या सोप्यावर बसतात. कॉम्प्युटरवर ताईने फडकं टाकून ठेवलंय. दादा अडतात, पूर्वीपेक्षा कितीतरी जास्त. भावोजी वाट बघतात, आणि मग अगदी दादांच्या कानाशी वाकून वाक्य देतात. त्यांना इतकं हळू बोलता येतं, हे आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं.