नाग नदीचं सासर

सत्तरच्या दशकात मी नागपूरच्या महाल भागातल्या मुलींच्या शाळेत भूगोल शिकवत होते आणि प्रेमात पडले होते. दोन्ही एकदमच चालू असल्यामुळे फळ्यावर गोदावरी काढताना राजमहेंद्री आली की माझा खडू उगाच तिथे गोल गोल फिरत राही. मुली खिदळायच्या. तो राजमहेंद्रीचा, नोकरीपायी नागपुरात आलेला आणि आता बदली होऊन परत निघालेला.

घरी सांगितलं. बाबा म्हणाले, "नदीचं मूळ अन् ऋषीचं कूळ पाहू नये म्हणतात. माही ना नाही. आईले विचार."

आई म्हणाली, "एवढ्या दूर? तिथं आपलं कोण आहे वं?" आणि बोलणंच टाकलं. तिच्या होकाराशिवाय बोहल्यावर चढायचं माझ्या जिवावर आलं होतं.

शेवटी शाळेतला मोठा नकाशा सायकलला बांधून घरी आणला. स्वयंपाकघरात पसरला, कोपऱ्यांवर हाताला येतील त्या वाट्या ठेवल्या.

"उतावळी नवरी, गुडघ्याले बाशिंग," आई पुटपुटली. म्हणजे बोलली तरी!

मी बोट टेकवलं. "ही आपल्या घरामागची नाग नदी. ती कन्हानमध्ये जाते, कन्हान वैनगंगेत. वैनगंगेले वर्धा भेटली का ती प्राणहिता होते, अन् सिरोंच्यापाशी गोदावरीत शिरते. मंग सरळ राजमहेंद्री! आपलंच पाणी आहे तिथं, आई!"

मला तर नाचावंसं वाटत होतं. आई नकाशा पाहत राहिली.

"म्हणजे आपल्या मोरीचं पाणी तू तिथं पिशीन?"

हात दाखवून अवलक्षण! बाबा हसता हसता खाटेवरून घसरले. मीही अशी खिदळले की एका वाटीला कोपर लागलं, ती नेमकी वरणाची निघाली आणि बंगालचा उपसागर पिवळा झाला. आईसुद्धा हसत होती. हसत हसतच पदराने समुद्र पुसू लागली, आणि मध्येच थांबली.

"पण पाणी एकदा गेलं का वापस येत नाही वं."

"मी रेल्वेनं येईन, आई."

तिने डोळे पुसले. वरणाचाच पदर, त्यामुळे कपाळही पिवळं झालं. मग म्हणाली, "कुठं म्हणाली तू? नीट दाखव मले."

लग्नानंतर पहिल्यांदा माहेरी आले, तेव्हा शेजारीण कचऱ्याची टोपली घेऊन नदीकडे निघाली होती. आई दारातून ओरडली, "अवं, तिथं नको टाकू! खाली माही पोरगी राहते."