व्हर्लिनचा अंगठा

ट्वायला स्टकी पहिलीत असताना बाईंनी विचारलं, तुझे वडील काय करतात? ती म्हणाली, "गाड्या चिरडतात." बाईंना वाटलं, भंगाराचा धंदा असेल. सगळा वर्ग हसला. बाई गावात नव्या होत्या.

होलिस बेंडमध्ये व्हर्लिन स्टकीला न ओळखणारा माणूस एक तर नवा असतो किंवा चुकून आलेला असतो. आमचं गाव म्हणजे मका, सोयाबीन आणि एक मोठं वळण घेऊन निघून जाणारी नदी. व्हर्लिनने आपल्या कोठारात मॉन्स्टर ट्रक बांधला तेव्हा इंडियानात असले ट्रक हाताच्या बोटांवर मोजण्याइतके होते. खाली माणसाच्या उंचीची चाकं. वर त्याच्या आईच्या जुन्या पिकअपचा सांगाडा. त्या पिकअपमधून म्हातारीने आयुष्यभर अंडी विकली होती. छपरावर त्याने पत्र्याचे दोन लांब कान बसवले आणि दारावर नाव रंगवलं, 'आजीचं खेचर'.

"आजी कोण आणि खेचर कोण, तेवढं तरी नीट सांग लोकांना," म्हातारी म्हणाली.

पण जत्रेत ती पहिल्या रांगेत बसायची. मुलाने रांगेने लावलेल्या जुन्या मोटारींच्या दिशेने ट्रक सोडला की चष्मा काढून मांडीवर ठेवायची. दिसलं नाही तर भीती कसली? ट्रक थांबला की चष्मा पुन्हा डोळ्यांवर.

ट्वायला या ट्रकच्या टायरमध्ये झोपून मोठी झाली. खरंच. कोठारात सुटा टायर आडवा पडलेला असायचा आणि नॅडीन, तिची आई, त्यात रजई अंथरायची. इंजिन सुरू झालं की इतर मुलं रडतात. ट्वायला इंजिन बंद झालं की उठायची.

मग मिझुरीतली ती जत्रा आली.

मॉन्स्टर ट्रकचं इंजिन मैदानाच्या कडेवरून बंद करता येतं. तिथे एक माणूस उभा असतो. त्याच्या हातात डबी असते आणि डबीवर लाल बटण. ट्रक हाताबाहेर गेला की त्याने बटण दाबायचं. बस्स, एवढंच काम. त्या दिवशी डबी ज्याच्या हातात होती तो माणूस उडी बघत राहिला. सगळे बघत होते तसाच, आ वासून. खेचराचा ॲक्सिलरेटर अडकला होता. ट्रक समोरच्या मातीच्या बांधात घुसला. दुसऱ्या कोणाला ओरखडाही आला नाही. व्हर्लिनच्या पाठीचे मणके मोडले.

तो पुन्हा चालू लागला. ट्रकमध्ये मात्र परत बसला नाही. त्याऐवजी त्याने डबी मागून घेतली.

"डबीवाल्याने उडी बघायची नसते," तो म्हणायचा. "उडी बघायला लोक तिकीट काढून आलेत. आपण पुढची चाकं बघायची. पडणार की नाही, ते चाकांना आधी कळतं."

डबी हातात असली की तो बोलायचा नाही, खायचा नाही, नमस्कारालाही मान हलवायचा नाही. ड्रायव्हर लोकांच्या आया जत्रेत आल्या आल्या विचारायच्या, "आज डबी व्हर्लिनकडेच आहे ना?" हो म्हटलं की त्यांचा जीव भांड्यात पडायचा. ट्रक कितीही झुकला तरी त्याचा अंगठा वाट बघायचा. दाबायचा तेव्हा दाबायचा. ना आधी, ना नंतर.

ट्वायलाने आधी सवारीचा ट्रक चालवला. मागे बाकं बसवलेला, बायकामुलांना मैदानाभोवती फिरवून आणणारा. गाईच्या चालीने. पुढे ती धान्याच्या कोठ्या बनवणाऱ्या कारखान्यात वेल्डिंगला लागली आणि पहिल्याच उन्हाळ्यात खेचराच्या आत बसली. आठवडाभर वेल्डिंग, शनिवारी जत्रा. नॅडीन टी-शर्टांचं टेबल सांभाळायची. ट्रक वाहून नेणारा लांब ट्रेलर डेन्झिल गॉस चालवायचा. डेन्झिल म्हणजे व्हर्लिनचा जुना मेकॅनिक. त्याच्या तोंडात कायम सूर्यफुलाच्या बिया असत.

पोरगी चांगली चालवायची. उडी लांब, उतरणं मऊ. पण लोक बक्षीस देतात ते 'सायकल'ला. ट्रक एका अंगावर चढतो, दोनच चाकांवर धावतो, पडणार पडणार म्हणताना परत चारांवर येतो. याला आमच्याकडे सायकल म्हणतात. युक्ती एकच. ज्या बाजूला ट्रक झुकलाय त्याच बाजूला स्टिअरिंग फिरवायचं आणि वेग वाढवायचा. पाय ब्रेककडे धावत असताना वेग वाढवायचा. हे ट्वायलाला बापानेच शिकवलं होतं.

आणि बापच तिला ते करू देत नव्हता.

खेचर झुकलं की इंजिन बंद व्हायचं. दर वेळी. इंजिन गेलं की स्टिअरिंग दगडासारखं जड होतं. मग जो ट्रक सावरला असता, तो आडवा पडतो. मागच्या वर्षी आपल्याच गावच्या जत्रेत, सगळ्या गावासमोर, तेच झालं. ट्वायला दोन चाकांवरून परत येत होती. अर्ध्यात आवाज गेला. खेचर हळूच कुशीवर झोपलं आणि एक कान मोडला.

"खेचर बसलं," डेन्झिल म्हणाला. लोक हसले. प्रेमानेच हसले. पण हसले.

व्हर्लिन म्हणाला, "मला पेट्रोल गळताना दिसलं."

पेट्रोल गळलं नव्हतं. खेचर पेट्रोलवर चालतच नाही, अल्कोहोलवर चालतं. ते त्याच्याइतकं कोणाला ठाऊक? ट्वायलाने मोडलेला कान उचलून ट्रेलरमध्ये ठेवला. त्या दिवसापासून इतर ड्रायव्हर तिच्या ट्रकला खेचर म्हणेनासे झाले. 'अंगठा' म्हणू लागले. "काय गं, आज अंगठा किती वाजता झोपणार?"

"एक तर त्याला सांग," नॅडीन म्हणाली, "नाही तर हे चालवणं सोड. दर वेळी पडून वर तोंड मिटून बसायचं, हे मला बघवत नाही."

"त्याच्याकडे ती डबी सोडून काय उरलंय, आई?"

"मी उरलेय की," नॅडीन म्हणाली. "सांगायचं तर टायर कापताना सांग. हातात काम असलं की त्याला कमी लागतं."

नवे टायर येतात ते शेतातल्या अवजड यंत्रांचे. तसेच बसवले तर ट्रक उडणार नाही. म्हणून हिवाळाभर गरम सुरीने त्यांचं रबर कापायचं, पट्टीपट्टीने. स्टकींच्या कोठारात बाप आणि लेक टायरच्या दोन बाजूंना बसायचे. मधे शेगडी. जळक्या रबराचा वास त्यांच्या कपड्यांतून ईस्टरपर्यंत जात नाही. चर्चमध्ये त्यांच्या मागच्या बाकावर कोणी बसत नाही.

"डॅडी."

"खोल जाऊ नकोस. आतल्या दोऱ्यापर्यंत गेलीस तर टायर मेला समज."

"जुलैच्या जत्रेत माझ्या वेळेला डबी डेन्झिलकडे दे."

व्हर्लिनची सुरी चालत राहिली.

"डेन्झिल बिया खातो," तो म्हणाला.

"त्या दिवशी नाही खाणार."

"तो उडी बघतो. मी पाहिलंय त्याला उडी बघताना."

"त्याला शिकव मग."

"मागच्या वर्षी तू पडणारच होतीस."

"मी परत येत होते. इंजिन गेलं म्हणून पडले. इंजिन नाही तर स्टिअरिंग नाही. कोणी शिकवलं हे मला?"

"मी काय शिकवलं ते मला माहीत आहे."

व्हर्लिनने कापलेली पट्टी ओढून बाजूला टाकली.

"दुसऱ्यांच्या पोरांना कधी लवकर दाबलंय मी?" त्याने विचारलं. "एकदा तरी? विचार कोणालाही."

"नाही दाबलंस," ट्वायला म्हणाली. "म्हणून तर तुला सांगतेय."

तेव्हा व्हर्लिनची सुरी दोऱ्यापर्यंत गेली. इतक्या हिवाळ्यांत पहिल्यांदा. त्याने सुरी बाहेर काढली. कापलेल्या फटीत बोट घालून पाहिलं, जणू दुसऱ्याने केलेली चूक तपासतोय.

"जुनाच लावावा लागेल," तो म्हणाला आणि घरात गेला.

नंतर बरेच दिवस तो पाने-पकडींपलीकडचं काही बोलला नाही. ट्वायलाने आईला विचारलं, काय म्हणतोय? "म्हणत काही नाही," नॅडीन म्हणाली. "पण दोनदा वाढून घेतो. म्हणजे ऐकलंय त्याने."

जुलैत जत्रा भरली. शो सुरू व्हायच्या आधी सगळे ड्रायव्हर आणि मदतनीस एका गोठ्यामागे जमतात. जत्रेची प्रमुख आर्विला नेप. सगळ्या काउंटीवर वचक असलेली बाई. ती एकेका ट्रकचं नाव घेते आणि डबी कोणाकडे ते मोठ्याने सांगते. सगळ्यांनी ऐकायचं, अशी रीत आहे.

"आजीचं खेचर," आर्विला म्हणाली. "व्हर्लिन."

"डेन्झिल," व्हर्लिन म्हणाला.

या वेळी कोणी 'अंगठा' म्हटलं नाही. आर्विलाने चष्म्यावरून ट्वायलाकडे पाहिलं. ट्वायला आपल्या बुटांकडे बघत होती. डेन्झिलने खिशातून बियांची पिशवी काढली आणि गुपचूप नॅडीनच्या हातात दिली.

खेचराची पाळी आली तेव्हा व्हर्लिन सवयीने कुंपणाच्या कोपऱ्याकडे निघाला. अर्ध्या वाटेत थांबला. उभं कुठे राहावं हे न कळणारा माणूस मैदानात फार मोठा दिसतो. "व्हर्ल! इकडे!" नॅडीनने पहिल्या रांगेतून हाक मारली. सासू जिथे बसायची ती जागा तिने त्याच्यासाठी अडवून ठेवली होती. तो जाऊन बसला. तिने त्याच्या कानांवर पोरांचं निळं कानझाकण चढवलं. मोठ्यांची संपली होती, तेवढंच उरलं होतं.

आत ट्वायला पट्ट्यांनी करकचून बांधलेली. ट्रकमधून लोक दिसत नाहीत. समोरची माती दिसते, मोटारींची टपं दिसतात. आणि डाव्या कोपऱ्यात दिसायची बापाची पांढरी टोपी. आजवर प्रत्येक वेळी तिने सुरू करण्याआधी ती टोपी शोधली होती. आज तिथे डेन्झिलची लाल टोपी. डेन्झिल उडी बघत राहिला तर? तिच्या मनात बापाचेच शब्द आले आणि तिला स्वतःचाच राग आला.

तिने ट्रक सोडला.

पहिली उडी चांगली गेली. दुसऱ्या उडीनंतर वळणावर उजवी बाजू दबली आणि डावी चाकं उचलली गेली. खेचर झुकलं. आता आवाज जाणार. तिच्या अंगाला ते पाठ होतं. हाडांनी शांततेची वाट पाहिली.

आवाज गेला नाही.

याच्या पुढे ती लोकांसमोर कधी पोचलीच नव्हती. खिडकीत जमीन आली होती. तिने स्टिअरिंग जमिनीकडे फिरवलं आणि पाय दाबला. खेचर दोन चाकांवर धावत सुटलं, अर्ध्या मैदानाचा वळसा घेत, कान फडफडवत. मग जणू काही आठवल्यासारखं ते खाली आलं. धप्प. चारही चाकांवर.

ती छपरावर चढली, दोन कानांच्या मधे उभी राहिली आणि हात हलवला. गाव उभं राहून ओरडत होतं. तिने पहिली रांग शोधली. बाप बसूनच होता.

उतरल्यावर नॅडीन धावत आली. मिठी मारायच्या आधी तिने आपलं डावं मनगट पुढे केलं. ते लालभडक झालं होतं. मधोमध अंगठ्याचा ठसा.

"बघ," ती म्हणाली. "तुझ्या बापाने मला बंद केलं. मला वाटलं, आता माझंच स्टिअरिंग जातंय."

"आणि तो?"

"लिंबू सरबताचा कागदी ग्लास हातात होता, तो आधीच चेपला त्याने. सगळी पँट ओली. म्हणून उठला नाही."

ट्वायला हसली. हसता हसता तिला खाली बसावं लागलं.

पुढची पाळी ओहायोहून आलेल्या एका नवख्या ड्रायव्हरची होती. त्याच्या आईने विचारायचं ते विचारून घेतलं होतं. व्हर्लिन ओल्या पँटनेच कोपऱ्यात गेला. डेन्झिलने काही न बोलता डबी त्याच्या हातात दिली. ट्वायला जाऊन बापाच्या मागे उभी राहिली. तीही पहिल्यांदाच. त्याच्या हातात डबी असायची तेव्हा ती एक तर लोकांत बसलेली असायची किंवा ट्रकच्या आत.

ओहायोचा ट्रक झुकला. लोक किंचाळले. ट्वायलाने ट्रककडे पाहिलं नाही. ती अंगठा बघत होती. जाड, नखात काळं ग्रीस, बटणावर अलगद टेकलेला. झोपलेल्या मांजरीवर ठेवावा तसा. ट्रक आणखी झुकला. अंगठा हलला नाही. ट्रक सावरला आणि खाली आला. अंगठा तिथेच होता.

ती तशीच उभी राहिली.

"पुढच्या शनिवारी," ती त्याच्या कानाशी मोठ्याने म्हणाली, "माझ्या वेळेला कुठे बसणार?"

तो बोलला नाही. डबीवाल्याने बोलायचं नसतं. ओहायोवाला ट्रकमधून उतरेपर्यंत तो पुढची चाकं बघत राहिला. मग त्याने डबी बंद केली.

"तुझ्या आईशेजारी," तो म्हणाला. "पण तिला म्हणावं, हाताला काहीतरी बांधून ये."

पुढच्या शनिवारी नॅडीन डाव्या हातात ओव्हनचा जाड हातमोजा घालून पहिल्या रांगेत बसली. आता प्रत्येक जत्रेत तो तिच्या हातात असतो. टी-शर्टांच्या टेबलावर लोक त्याची किंमत विचारतात. ती म्हणते, हा विकायचा नाही.