जळकोटची आइस हॉकी

चहाच्या टपरीवर मी दिसलो की कुणीतरी म्हणतंच, "सर, ते बर्फाचं काढा!" मी शाळेत पीटी शिकवतो आणि आमच्या ज्युनिअर आइस हॉकी लीगमधल्या जळकोट संघाचा कोचही मीच. एका सीझनमध्ये इतके किस्से जमले, की कुठून सुरू करावं तेच कळत नाही. बर्फ सोडून सगळं होतं आमच्याकडं!

लीग काढली अण्णांनी. अण्णा म्हणजे आमचे अध्यक्ष, स्वतःच स्वतःची नेमणूक केलेले. खेळलं की दहावीला वाढीव मार्क मिळतात, एवढंच त्यांना खेळातलं कळतं. मैदान कुठलं? हायवेवरचं मंगल कार्यालय! पायात चाकांचे स्केट्स, चेंडूऐवजी रबरी चकती आणि कडेनं आडवी केलेली जेवणाची टेबलं.

मी विचारलं, "अण्णा, बर्फ?"

"फरशी धुऊन घिऊ की सर! घसरल्याशी कारण."

*

उद्घाटनाला मात्र रसवाल्याकडून बर्फाची लादी आणली. तिच्यावर पाहुण्यांनी नारळ फोडायचा होता. पण फेटे झाले, हार झाले, भाषणं झाली, तोवर लादीचं पाणी झालं. पाहुणे त्या ओल्या फरशीकडं बघून म्हणाले, "असं देखणं मैदान जिल्ह्यात दुसरं नाही!"

*

शेजारच्या माकणी गावाविरुद्ध आम्ही सपाटून हरत होतो. तेवढ्यात साखरपुड्याचे पाहुणे दारात उभे राहिले. हॉल त्यांचा होता. अण्णांनी माईक घेतला, "पावसामुळं सामना रद्द!" बाहेर रणरणतं ऊन. माकणीची पोरं छताकडं बघत राहिली.

*

एका पोराचा गुडघा फुटला. बाप धावत आला. मला वाटलं, पोराला उचलेल.

"सर, पडल्यावर बी मार्क मिळत्यात न्हवं?"

*

या तमाशात मनापासून खेळणारी एकच, आमची गोलकीपर सोनाली. घरी मेंढरं. कळपातून फुटलेलं मेंढरू अडवावं तशी ती चकती अडवायची. पुण्याच्या खऱ्या बर्फावर राज्य संघाची निवड चाचणी ठरली, तेव्हापासून तिचं एकच चाललं होतं, "सर, बरफ पायाला लई गार लागतो का?"

आणि अण्णांनी गोलकीपर म्हणून स्वतःच्या पोराला, बंटीला घातलं! सोनाली राखीव. बंटीला स्केट्सवर धड उभं राहता येत नव्हतं.

"गोलकीपरला कुठं पळायचंय सर? नुसतं हुबं तर ऱ्हायचंय!"

मला इतका संताप आला, की पुण्यापर्यंत मी अण्णांशी बोललो नाही.

*

पुण्यात बंटी बर्फावर उतरला आणि गोलच्या खांबाला मिठी मारून बसला. काही केल्या सोडेना. शेवटी परीक्षकांनी विचारलं, "दुसरा गोलकीपर आहे का?"

"आहे!" मी जवळजवळ किंचाळलोच.

बंटीला दोघांनी उचलून बाहेर नेलं. सोनाली उतरली, पडली, उठली, परत पडली. मग मात्र चकत्या अडवायला लागली. एकामागून एक! माझे डोळे भरून आले.

अण्णांना ते सहन होईना. "माझ्या पोराला भाईर काढता व्हय?" म्हणत ते चपला घालून तरातरा बर्फावर आले. दुसऱ्याच पावलाला अण्णा पाठीवर, पाय वर, आणि थेट गोलकडं!

सोनालीनं गुडघे टेकले, दोन्ही पॅड जोडले आणि अण्णांना रेषेवर अडवलं.

तिनं काठी वर केली आणि मला हाक मारली,

"सर, ह्यो बी अडवलेल्यात धरायचा का?"