वाचलेली डुकरीण

कोसाडच्या वसाहतीमागे एक बाई डुकरं पाळायची. रोगाची साथ आली आणि त्या डुकरांतली एक डुकरीण तेवढी वाचली. तिचं रक्त तपासणीसाठी घ्यायला मी आमच्या प्रयोगशाळेतून गेले होते. बाई खानदेशातली, एवढंच बोलण्यावरून कळलं. नाव विचारायचं राहून गेलं.

मी सुई लावली तेव्हा ती डुकरिणीचा कान हलकेच कुरवाळत होती. मग म्हणाली, "समद्या एकच वाडामा व्हत्यात. मंग हाई एकलीच कशी वाचनी?"

मी सांगितलं, जंतू शिरले की त्यांच्याशी लढणारी शरीरातली जनुकं जागी होतात. काहींची वेळेवर, काहींची उशिरा. हा फरक बरेचदा जन्मतःच आलेला असतो. आम्ही तोच शोधतोय.

"माणूसमा बी असंच व्हस का?"

"हो, होतं."

तिचा हात थांबला आणि ती सांगू लागली. तिच्या दोन्ही मुलींना एकदमच ताप आला होता. दवाखाना एकच, औषधही एकच. थोरली उठून बसली, धाकटी गेली.

"सासू आजबी म्हनस, तुनंच धाकलीकडे ध्यान नही व्हतं."

तिच्या मुलीला नेमकं काय झालं होतं, ते मला ठाऊक नव्हतं आणि मी तसं सांगितलंही. पण सारखीच काळजी घेतलेल्या दोन लेकरांतलं एक जाऊ शकतं, त्यात आईची चूक असतेच असं नाही, हेही सांगितलं.

तिनं डुकरिणीचा कान सोडला.

"ताई, हाई मनी सासूले बी सांगा ना."

रक्ताची नळी बर्फाच्या डब्यात ठेवून मी तिच्यामागोमाग तिच्या घराकडे निघाले.