बिनबोलावलेल्यांची बाग

आमच्या भाडेकरू सरांइतकी गवतावर माया करणारा माणूस साऱ्या आदिलाबाद जिल्ह्यात शोधून सापडायचा नाही, आणि त्यांची नेमणूक झाली ती नेमकी आमच्या कापसाच्या गावात. बोथची बस जिथे वळते तिथे माझं किराणा दुकान. दुकानामागच्या खोलीत सर राहत. जन्म मंचेरियलचा, बालपण कोळशाच्या धुळीत गेलेलं. त्यामुळेच असेल, हिरवं काही दिसलं की हा माणूस तिथेच हरवायचा. शाळा हाकेच्या अंतरावर, पण वाटेत कुठल्या तरी रोपट्यापाशी बसले की प्रार्थनेची घंटा झाली तरी भान नसे. खिशात खडूऐवजी बिया असायच्या. सदरा धुताना त्या सांडत आणि आमच्या मोरीला मेथी फुटे. आमच्या मंडळींनी आधी कटकट केली, मग मुकाट्याने ती मेथी वरणात घालायला सुरुवात केली.

शाळेमागच्या पडीक जागेत त्यांनी मुलांकडून परसबाग करवली. भाजी दुपारच्या जेवणात जायची. पण काय ती बाग! मुलांनी मुठीमुठीने बी फेकलेलं; ओळ नाही, सरी नाही. अंबाडीच्या अंगावर भेंडी, भेंडीच्या गळ्यात दोडका, आणि मधून आपोआप उगवलेल्या चिवळ, घोळ, तरोटा या रानभाज्या, गावाच्या लेखी नुसतं गवत. ते उपटायची सक्त मनाई. "पाहुने हायत ते, भाऊ. बिनबोलावता आले, त्यायले हाकलता काय?" पाहुण्यांनाच शिजवून पोरांना वाढता, हा कुठला पाहुणचार, असं मी विचारलं की झोपेतून उठल्यासारखे हसत. मंडळातल्या, म्हणजे आमच्याकडच्या तालुक्यातल्या, शिक्षकांना बागकामाचं प्रशिक्षण देण्याचं कामही त्यांच्याचकडे होतं. ते प्रशिक्षण म्हणजे मोहाच्या झाडाखाली डोळे मिटून बसायचं आणि लहानपणी आई कोणती भाजी करायची ते आठवायचं. अर्धे शिक्षक आठवता आठवता घोरू लागत. सर त्यांना उठवत नसत. म्हणत, "राहू द्या, आईपाशी गेले ते."

त्यांचं एकच दुःख होतं. गाव बागेकडे फिरकत नसे. बैठक बोलावली तर मी एकटा जाई, तोही भिडेखातर. संध्याकाळी दुकानाच्या फळीवर बसून ते विचारत, "भाऊ, लोकं काऊन येत नाईत? माझी बदली झाल्यावर कोन पाहीन हे?" आता कसं सांगावं? आमच्याकडे वावरात गवत दिसलं तर पोराची सोयरीक मोडायची वेळ येते. त्या बागेवरून जाताना आमचे शेतकरी लाजेने मान फिरवत.

एका पावसाळ्यात प्रशिक्षण आमच्याच शाळेत ठरलं. रानभाज्या दाखवायच्या, शिजवून वाढायच्या, असा सरांचा बेत. मंजुरीसाठी ते आदल्या दिवशी बोथला मंडळाच्या कचेरीत गेले आणि तिथेच मुक्कामी राहिले. इकडे गावात गणपतकाकांनी विषय काढला. काका म्हणजे गावातलं सर्वांत स्वच्छ वावर. "बाहेरचे मास्तर येऊन राह्यले, अन् एवढं गवत? सराची इज्जत जाईन." झालं. बैलजोडी आली, कोळपणीचा डवरा आला, बाया खुरपी घेऊन आल्या. दुकान बंद करून मी पोचलो तोवर चिवळ, घोळ, अंबाडी, भेंडी सगळं बांधावर ढीग होऊन पडलं होतं. कडेची चार वांगी तेवढी वाचली. जमीन अशी लख्ख, की तिच्यावर पंगत बसवावी.

सकाळी सर बसमधून उतरले तेव्हा सारं गाव कुंपणाशी उभं होतं, लग्नघरच्यासारखं. सर पाहतच राहिले.

"कोनं बोलावलं तुमाले?" त्यांनी हळूच विचारलं.

"कोन कायले बोलावन?" काका म्हणाले. "आपलीच शाळा हाय."

सरांनी चपला काढल्या, त्या उघड्या मातीत गेले आणि मधोमध बसले. रडतात की हसतात, मला कळेना. मग त्यांनी काकांना हात धरून शेजारी बसवलं, बायांना बोलावलं. शिक्षक आले तेव्हा गाव आधीच जागा धरून बसलं होतं. दिवसभर सगळ्यांनी मिळून नव्याने बी पेरलं. संध्याकाळी फळीवर बसल्यावर ते म्हणाले, "सारं गाव आलं, भाऊ." मग नखांतली माती काढत पुन्हा म्हणाले, "थोडी चिवळ ठेवाची होती पन."

हे मी काकांच्या कानावर घातलं.

पुढे सरांची बदली झाली. खोलीला मी दुसरा भाडेकरू पाहिलेला नाही, मन होत नाही. बाग मात्र चालू आहे. निंदणाच्या दिवसांत गाव न सांगता जातं. बागेची सगळी जागा काका लख्ख करून घेतात, फक्त एका कोपऱ्यात गुडघाभर गवत उभं असतं. यंदा एका नव्या सुनेने तिथे खुरपं घातलं, तर काकांनी तिचा हात धरला.

"ते राहू दे, बाई," ते म्हणाले. "ते सराचं हाय."