खाडीचे वाघ

दिनानाथ चहा बशीत ओतायचा आणि तो निवेपर्यंत मान एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे मोडून घ्यायचा. कुठल्याही चटईवर पाय ठेवण्याआधी वाकून तिला हात लावायचा, मग तोच हात कपाळाला. वडील वाईकडचे, तालमीतले. तिथून आलेली सवय. बसमध्ये कंडक्टरने विचारलं नसताना सांगायचा, ‘‘हिला मागच्या आठवड्यात बारा पूर्ण झाली, फुल द्या.’’ त्याची मुलगी जाई खिडकीबाहेर बघत बसायची. त्याच्या बायकोच्या, स्मितावहिनींच्या, मावशीने लाडू कसा झालाय विचारलं, तर तो खरं सांगायचा. मावशी पुन्हा आल्या नाहीत. खोटं बोलायची वेळ आली की त्याचे कान आधी लाल व्हायचे, त्यामुळे बोलायची गरजच उरायची नाही.

असा माणूस लुटुपुटूच्या कुस्तीत दोन वर्षं टिकला, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

त्याचा जोडीदार शौकत. म्हसळ्याकडचा, नेरूळला आमच्या सेक्टरमध्ये त्याचं केबलचं ऑफिस होतं. ऑफिस म्हणजे एक शटर, तीन टीव्ही आणि गच्चीवरची डिश. ब्याण्णव-त्र्याण्णवला त्या डिशमधून परदेशी पैलवान आमच्या घराघरांत उतरले. चमकदार चड्ड्या, लांब केस, दोन विरुद्ध दोन. एक लढतो, दुसरा कोपऱ्यात दोरी धरून थांबतो. आतला दमला की कोपऱ्यातल्याच्या हाताला हात लावायचा, मग तो आत येतो. आमच्या सोसायटीत पाणी दिवसाआड यायचं, पण हा नियम पहिलीच्या मुलालाही पाठ होता.

दिनानाथ रबाळ्याला फोमच्या कारखान्यात पॅकिंगला होता. कडेला फाटलेला फोम त्याला मिळायचा. शौकतकडे नायलॉनची दोरी होती आणि स्वतःबद्दल फार चांगलं मत. चौऱ्याण्णवच्या गणपतीत सोसायटीच्या मैदानात रिंग उभी राहिली. जोडीचं नाव ‘खाडीचे वाघ’. आमच्या खाडीवर तोवर फक्त डास दिसले होते. समोरची दुष्ट जोडी म्हणजे बासित आणि मारोती, दोघे शौकतच्याच केबलच्या वायरी ओढणारे. मी बी.ए. मराठी, म्हणून माईक माझ्याकडे.

प्रयोग ठरलेला असे. पहिली दहा मिनिटं दिनानाथ मार खाणार. लोक हळहळणार. मग तो सरपटत कोपऱ्यापर्यंत जाऊन शौकतच्या हाताला हात लावणार. शौकत वाऱ्यासारखा आत येणार आणि दीड मिनिटात दोघांना लोळवणार. टाळ्या शौकतला, आयोडेक्स दिनानाथला. पडण्यात मात्र दिनानाथचा हात कुणी धरला नसता. अख्खी पाठ एकदम टेकायची, दोन्ही तळवे आपटायचे. आवाज मोठा येतो, लागत कमी. हे तो एका महिन्यात शिकला. त्याच्या वडिलांनी पाठ टेकू नये म्हणून आयुष्य घालवलं होतं.

वाशी झालं, बेलापूर झालं, पार कामोठ्यापर्यंत बोलावणी आली. एका सलूनच्या उद्घाटनालाही वाघ गेले. तेवीस प्रयोग झाले. तेवीसही वेळा दिनानाथ पडला.

चोविसावा एका गावच्या जत्रेत होता. त्याआधी दिनानाथ शौकतच्या शटरपाशी गेला. मी तिथेच होतो.

‘‘शौकत, एकदा मला जिंकू दे.’’

‘‘आपण जिंकतोच की रे.’’

‘‘तू जिंकतोस. मी दर वेळी आडवा असतो. जाई आता बघायला येत नाही. म्हणते, बाबा, तुम्ही नेहमी पडता.’’

शौकतने केस मागे सारले. ‘‘चल, दिला. जत्रेत शेवट तुझा. मी आत येऊन मार खाईन, तुला हात देईन, तू दोघांना पाड. पण मी पडल्यावर केस खराब होता कामा नयेत.’’

पुढचे आठ दिवस दिनानाथ शौकतला पडायला शिकवत होता. आणि रोज संध्याकाळी जाईला विचारत होता, येशील ना?

जत्रा रबाळ्यापलीकडच्या एका खाडीकाठच्या गावात होती, दुपारी चार वाजता. गावाची एकच अट. पंच गावचा. सीतारामबुवा, सत्तरीचे, कधीकाळचे नावाजलेले मल्ल. शौकत म्हणाला, ‘‘बसू दे रे म्हाताऱ्याला, शोभा.’’ बुवांना नियम सांगायचं आम्हा शहाण्यांपैकी एकालाही सुचलं नाही. नियम टीव्हीवर रोज दिसतात. गावात केबल नव्हती.

जाई पहिल्या रांगेत बसली. दिनानाथने फोमला हात लावून कपाळाला लावला. बुवांनी ते पाहिलं आणि मान डोलावली. बासितने त्याला उचलला आणि आपटला. दोन वर्षांत दिनानाथ इतका सुरेख कधी पडला नव्हता. धाड्!

बुवांची शिट्टी वाजली. त्यांनी बासितचा हात वर केला. ढोल सुरू झाला. माझी माईकवर चौघांची नावंही सांगून झाली नव्हती.

शौकत दोरीवरून ओरडला, ‘‘अहो बुवा, हे तसं नसतं! पडल्यावर तीन मोजायचे!’’

‘‘तीन कशाला?’’ बुवा म्हणाले. ‘‘मला एकदा बगून कलतं.’’

पुढे बसलेली राजाबाई नावाची आजी म्हणाली, ‘‘आन तो लाल चड्डीवाला कोन हाय? मगासपासून खांबाला धरून उभा हाय. चक्कर येते का त्याला?’’

जत्रा हसली. शौकतच्या लाल सॅटिनला तोवर मातीचा कणही लागला नव्हता.

‘‘वाद नको,’’ बुवा म्हणाले. ‘‘पडलेल्यालाच इचारू. पोरा, तुजी पाट लागली का नाय?’’

दिनानाथ उभा राहिला. बुवांच्या मागून शौकत जोरजोरात मान हलवत होता. नाही म्हण. एवढा एक शब्द, की खेळ पुन्हा सुरू. जाई उठून उभी राहिली होती. दिनानाथचे कान लाल झाले.

‘‘लागली, बुवा.’’

‘‘पुरी?’’

‘‘पुरी.’’

‘‘बगा,’’ बुवा जत्रेला म्हणाले, ‘‘खरा मानूस हाय.’’

फेटा बासितला, नारळ मारोतीला. दोघांना गावजेवणाचा आग्रह झाला. ते जेवलेही.

परतीच्या टेम्पोत ऐरोली गेल्यावर शौकत दिनानाथकडे वळला.

‘‘नाही म्हणायला काय जात होतं तुझं?’’

‘‘पाठ लागली होती रे.’’

‘‘आपण पडतोच पाठ लागायला! दोन वर्षं लागतेय तुझी!’’

‘‘हो,’’ दिनानाथ म्हणाला, ‘‘पण कुणी विचारलं नव्हतं.’’

जाई त्याच्या खांद्यावर डोकं ठेवून झोपली होती.

बातमी आमच्या आधी नेरूळला पोचली. नवरात्रातली बोलावणी रद्द झाली. मंडळाचे लोक शौकतला विचारू लागले, ‘‘काय वाघ, चक्कर कशी आहे?’’ चार महिन्यांनी त्याच्या मामाने मस्कतहून व्हिसा पाठवला. त्याने शटर बासितला दिलं. जाताना दिनानाथला भेटला नाही. रिंगचा फोम स्मितावहिनींनी सोफ्यात भरला. दिनानाथ आजही बसण्याआधी सोफ्याला हात लावून कपाळाला लावतो. पाहुणे घाबरतात.

शौकत जायच्या आधीच्या आठवड्यात दिनानाथ माझ्याकडे एक कागद घेऊन आला होता. पॅकिंग स्लिपची मागची बाजू. पुढच्या प्रयोगाआधी गावात वाटायचं पत्रक. म्हणाला, ‘‘तुझं मराठी चांगलं आहे, तपासून ठेव. तिसरा नियम अर्धा आहे, राहिलेलं शौकतला विचारून लिहितो.’’

कागद माझ्याकडेच आहे. तपासण्यासारखं त्यात काही नाही.

‘प्रेक्षकांसाठी नियम. १. पाठ टेकली म्हणजे कुस्ती संपली असे समजू नये. २. पंचांनी पडलेल्यास काही विचारू नये. ३. जोडीदार कोपऱ्यात दोरी धरून उभा असतो. त्याच्या हाताला हात लागेपर्यंत त्याने’