चिठ्ठीगणिक झाडू

बेलापूरजवळच्या आमच्या गावात बसून मी पुण्याच्या एका कंपनीचं काम करते. गावात माझी ओळख 'कंप्युटरवाली' अशी आहे. कुणाचा प्रिंटर अडला, कुणाच्या मोबाईलची बॅटरी फुगली, बोलावणं मलाच. याचा मला राग येतो आणि खरं सांगायचं तर आवडतंही. त्यामुळे डेअरीच्या सचिवांनी दुधाच्या नोंदीसाठी प्रोग्रॅम लिहून मागितला तेव्हा मी घेतलेले आढेवेढे फक्त शोभेपुरते होते.

आमची डेअरी म्हणजे पत्र्याची एक लांबट खोली. सकाळी सहाला रांग लागते. किटलीतलं दूध काट्यावर जातं, त्यातला घोटभर नमुना फॅट मशीनखाली, आणि दोन्हीचे आकडे माझ्या प्रोग्रॅममध्ये येऊन चिठ्ठी बाहेर पडते. चिठ्ठी घेतली की माणूस बाजूला होतो. साडेसातला टेम्पो कॅन घेऊन निघतो. तो कुणासाठी थांबत नाही, कारण उन्हाळ्यात दूधही थांबत नाही.

फरशी धुवायला एक मावशी येतात. नात्यातल्या नाहीत, पण माझ्या आईच्या वयाच्या आहेत आणि बारा वर्षं हेच काम करतात. एकदा सचिवांनी त्यांना सांगितलं, की प्रत्येक माणसानंतर खालचं सांडलेलं पुसून घेत जा. मावशी म्हणाल्या, "माणसामागं पुसत बसले तर रांग कुठं उभी ऱ्हाईल? कवा पुसायचं ते मला दिसतंया." मी तिथेच होते. घरी येऊन आईला मी सचिवांच्या त्या हुकमाची हसत हसत नक्कलसुद्धा करून दाखवली.

या उन्हाळ्यात सचिवांनी एक नवी सोय मागितली. आमच्याकडे दूध घालायला येते सून आणि चिठ्ठी मागते सासू. वाटेत चिठ्ठी हरवली की घरात कटकट नको म्हणून सून परत येऊन दुसरी मागते. कधी कालची, कधी परवाचीही. मी ती सोय करून दिली. महिनाभराने तक्रार आली, की कंप्युटर जड चालतोय.

मी ज्या भाषेत लिहिते तिच्यात मेमरी आवरायची काळजी आपण करायची नसते. प्रोग्रॅमला नको झालेल्या गोष्टी उचलायला भाषेचाच एक गार्बेज कलेक्टर असतो. तो आपल्या सवडीने येतो, बघतो, ज्याला कुणीच धरून ठेवलेलं नाही ते उचलतो आणि जातो. त्याला हाक मारून बोलावताही येतं, एका ओळीचं काम आहे. पण ती ओळ लिहू नये हे नोकरीच्या पहिल्या महिन्यात शिकवतात, कारण अशी हाक मारली की तो घर डोक्यावर घेतो आणि तोवर बाकीची कामं थांबतात. मीही ते नव्या मुलांना शिकवलेलं आहे. तरी त्या दिवशी कंपनीची मीटिंग तोंडावर होती, सचिवांचा तिसरा फोन आला होता, आणि मी ती ओळ लिहिली. तीही प्रत्येक चिठ्ठीनंतर. घरूनच, इंटरनेटवरून, प्रोग्रॅम बदलून टाकला.

दोन दिवस सगळं सुरळीत चाललं. मी फुशारले. पाचव्या दिवशी सचिवांचा फोन आला. "ताई, आता तर लईच अडकतंय. आज टेम्पो गेला निघून, सात कॅन मागं राह्यले."

मी चिडले होते. माझ्या ओळीवर शंका घ्यायची सोडून मी म्हणाले, "तिथं रोज फरशीवर पाणी मारतात ना? ओलाव्याने होत असेल." एवढंच बोलले आणि फोन ठेवला. उंटावरून शेळ्या हाकायच्या म्हटल्यावर शेळ्या कुठे जातात ते दिसत नाहीच.

तीन दिवसांनी परत तक्रार आली तेव्हा मी स्वतः गेले. दारातच चप्पल फरशीला चिकटली. माशा घोंगावत होत्या. मावशी कुठे आहेत विचारलं तर सचिव म्हणाले, "तुमीच म्हनला ना पान्यानं होतंय. त्यांना सांगितलं, नका येऊ. पर आता पानी बी न्हाई, तरी अडकतंयच."

मी कंप्युटरशेजारी जाऊन बसले. चिठ्ठी आली, पडदा थिजला, मग पुढची किटली. परत चिठ्ठी, परत थिजला. रांगेतले एक आजोबा किटली हातात धरून म्हणाले, "पोरी, तुझं यंत्र दर मानसामागं दम खातंय व्हय?"

माणसामागं. मावशींचाच शब्द. ज्या गोष्टीवर मी हसले होते, तीच मी करून बसले होते. दर चिठ्ठीमागे मी झाडू मारायला लावत होते आणि रांग उभी होती.

ती ओळ मी तिथेच काढली. पण मुळात जड का झालं होतं? ते कळायला मग फार वेळ लागला नाही. सासूबाईंच्या सोयीसाठी मी प्रत्येक चिठ्ठी मेमरीत धरून ठेवली होती आणि सोडायची विसरले होते. डेअरीतला कंप्युटर कधीच बंद करत नाहीत, त्यामुळे महिनाभराच्या चिठ्ठ्या तशाच साचल्या होत्या. कलेक्टर दरवेळी येत होता, सगळं तपासत होता आणि रिकाम्या हाताने परत जात होता. मी धरलेलं त्याने उचलायचं तरी कसं? आणि ते पहिले दोन चांगले दिवस? नवा प्रोग्रॅम टाकताना जुना बंद झाला, तेवढ्याने मेमरी मोकळी झाली होती. त्याचं श्रेय मी माझ्या ओळीला दिलं होतं. मग चिठ्ठ्या परत साचू लागल्या, आणि दर चिठ्ठीला तो सगळा ढीग तपासण्यात या वेळी पाचच दिवसांत अडकायला लागलं.

चिठ्ठ्या डिस्कवर ठेवल्या, मागितली तरच काढायची असं केलं. दुसऱ्या सकाळी टेम्पो वेळेवर भरला. सचिव खूश झाले. म्हणाले, "झालं ना नीट? मग मावशीला निरोप धाडतो, ये म्हनून. आता कशाला उकरायचं."

उकरलं नसतं तर कुणाला काही कळलं नसतं. कंप्युटर बिघडला होता, दुरुस्त झाला, एवढंच. चोर सोडून संन्याशाला फाशी दिली होती आणि आता संन्याशाला माफीही देऊन टाकायची होती. मला माझीच शिसारी आली.

संध्याकाळी मी मावशींच्या घरी गेले. त्या कांदे काढून नुकत्याच परतल्या होत्या, उन्हाने चेहरा काळवंडला होता. मी उभ्या उभ्याच सांगितलं, की पाण्याचा काही संबंध नव्हता, चूक माझी होती.

मावशी हातपाय धूत होत्या. म्हणाल्या, "मला ठावं हाय. बारा वर्सं पानी मारतीया, त्या टेबलाखाली कवा थेंब जाऊ दिला न्हाई." मग पदराने तोंड पुसून माझ्याकडे बघत म्हणाल्या, "मला कशाला सांगतीस? मला तर पैल्यापास्नं ठावं हाय. मला काढलं ते रांगंत, समद्यांम्होरं. तिथं सांग."

त्यांनी चहाही विचारला नाही. मला ते लागलं आणि पटलंही.

सकाळी सहाला मी डेअरीत गेले. कंपनीच्या मीटिंगमध्ये शंभर माणसांसमोर बोलते मी, पण तिथे वीस किटल्यांसमोर आधी प्रिंटरचा कागद उगाच सारखा केला. म्हणाले, "मशीन पाण्याने बिघडलं नव्हतं. मी चुकीचं लिहिलं होतं, आणि नाव मावशींच्या पाण्याचं घेतलं." सचिव वहीत डोकं घालून बसले. कुणीतरी खाकरलं. मागून एक बाई म्हणाली, "बरं, घ्या पुढं," आणि रांग सरकली.

सचिवांच्या निरोपावरून आलेल्या मावशी कोपऱ्यात भिंतीला टेकून बसल्या होत्या. शेवटचा कॅन टेम्पोत चढेपर्यंत त्या हलल्या नाहीत. मग उठल्या, बादली भरली आणि टेबलापाशी येऊन उभ्या राहिल्या. रिकाम्या किटल्या घेऊन निघालेली माणसंही दारात थांबली.

"कंप्युटरवाली," त्या सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाल्या, "मारू का पानी?"

"मारा, मावशी," मी कंप्युटरसमोरच्या खुर्चीतून म्हणाले आणि पाय वर उचलून घेतले.